‘बाई आली’ आणि ‘बाई आल्या’

परभाषा शिकणारास कठीण शब्द सहसा फसवीत नाहींत. त्यांच्याकडे तो मुळांतच सावधपणें पाहत असतो. फसवितात ते रोजच्या वापरांतले, साधे, घरगुती शब्द. स्पॅनिश भाषेंतलें ‘कोहेर’ हें क्रियापद या बाबतींत प्रसिद्ध आहे. स्पेनमध्यें त्याचा अर्थ घेणें, पकडणें एवढाच. पण तेथें भाषा शिकलेला मनुष्य मेक्सिकोंत किंवा अर्जेंटिनांत जाऊन ‘मला बस पकडावयाची आहे’ असें त्याच क्रियापदानें म्हणूं लागला, तर ऐकणारे तोंडाला रुमाल लावतात. कारण तिकडे त्याचा रूढ अर्थ चारचौघांत उच्चारण्यासारखा नाहीं. म्हणून शिक्षक ‘तिकडे तोमार म्हणा’ असें सांगून मोकळे होतात. मध्यें महासागर आहे ही त्या शिकणाराची केवढी सोय! अर्थांच्या हद्दी त्याला नकाशावर दाखवितां येतात.

आमच्या मराठींत याच जातीचा एक शब्द आहे, आणि त्याच्या दोन अर्थांमध्यें महासागर तर नाहींच, पण कित्येकदां साधें कुंपणही नाहीं. तो शब्द म्हणजे ‘बाई’.

हा शब्द पारखून पाहण्यास लोणावळ्यासारखें ठिकाण नाहीं. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं येथें कैवल्यधाम स्थापन केलें, तेव्हांपासून योगाभ्यासासाठीं परप्रांतीय व परदेशीय मंडळी येथें येत आहेत. १९४५ पासून नौदलाच्या ‘आय. एन. एस. शिवाजी’ या शिक्षणकेंद्रामुळें हिंदी बोलणारीं कुटुंबें आलीं. मुंबईकरांचे बंगले तर गल्लोगल्लीं. आणि त्या बंगल्यांवर धुणें-भांडीं करण्यास येणाऱ्या बायका भोंवतालच्या मावळांतल्या. आमच्या ओळखीच्या एका उत्तरेकडील गृहस्थांनीं मराठी बोलण्याच्या हौसेनें एकदां भर मंडळींत सांगितलें, “मीं लोणावळ्याला एक बाई ठेवली आहे.” ‘कामाला’ हीं तीन अक्षरें तेवढीं गळालीं, आणि एका सद्गृहस्थाच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला!

त्यांनीं मग कोश उघडला. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) असो, कीं दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) असो, त्या कोशकारांच्या परिश्रमांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु कोशाची रीतच अशी कीं, तो शब्दाला एकट्याला उभा करतो आणि त्याच्यापुढें अर्थ मांडतो. ‘बाई’चा अर्थ त्या दोन अक्षरांत नाहींच, तो त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्ययांत आणि क्रियापदांत आहे. शाळेंत ‘बाई आल्या’ म्हणतांच मुलें उठून उभीं राहतात. तींच मुलें घरीं दाराची कडी वाजली कीं आंत ओरडतात, ‘आई, बाई आली!’ शाळेंत ‘बाईंना विचार’, घरीं ‘बाईला सांग’. शाळेंतल्या त्या ‘आमच्या बाई’, आणि घरची ती ‘आमची बाई’. एका अनुस्वारावर एका स्त्रीची पायरी ठरते. १९६२ च्या लेखननियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले (आमच्यासारखे कांहीं हट्टी लोक ते अजून जपून आहेत), पण ‘बाईंना’ मधला अनुस्वार राहिला. कारण तो तोंडांतच आहे. शिकणारासाठीं लिहिलेल्या पुस्तकांत ‘बाई : स्त्री, आदरार्थी संबोधन’ एवढें देऊन थांबणें म्हणजे कुलूप देऊन किल्ली न देणें होय.

कोणी म्हणतात, उत्तरेंत हा शब्द हलका आणि महाराष्ट्रांत मानाचा, एवढें सांगितलें कीं काम झालें. हें अर्धसत्य आहे. बनारस-लखनौकडे ‘बाई’ म्हटलें कीं ऐकणाराच्या मनांत प्रथम मैफल उभी राहते हें खरें. १९४५ सालीं विवाह केल्यावर अख्तरीबाई फैजाबादी पुढें ‘बेगम अख्तर’ या नांवानें गाऊं लागल्या, तर इकडे केसरबाई केरकर शेवटपर्यंत केसरबाईच राहिल्या. इकडे तींच दोन अक्षरें रमाबाई रानडे यांच्या आणि लक्ष्मीबाई टिळकांच्याही नांवांत होतीं, त्यामुळें त्यांची कोणास लाज नव्हती. परंतु झांशीच्या लक्ष्मीबाईंच्या नांवांतली ‘बाई’ उत्तरेला कधीं खटकली नाहीं, मीराबाईंची तर नाहींच. आणि महाराष्ट्रांतल्या मानाची गोष्ट वर आलीच आहे. हद्द प्रांतांमधून जात नाहीं, ती आमच्या उंबरठ्यावरून जाते.

‘नको बाई’, ‘काय बाई सांगावें’ यांतली ‘बाई’ निराळीच. ती कोणालाच उद्देशून नसते. तो बायकांच्या तोंडचा निःश्वास आहे, आणि पुरुषानें तो टाकला तर हंशा होतो.

हल्लीं या पेचांतून सुटण्यासाठीं शाळांतून ‘मॅडम’ आल्या व घरांतून ‘मावशी’. पहिलीविषयीं आम्हांस फारसें बोलावयाचें नाहीं. दुसरी मात्र विचार करण्यासारखी आहे. मावळच्या खेड्यांत आत्या, मावशी, आक्का, वहिनी हीं नातीं गांवभर पसरलेलीं असतात. त्या हांकेबरोबर दारांत बसण्याचा आणि लग्नाकार्याला बोलावण्याचा हक्कही येतो. बंगल्यांतली ‘मावशी’ हांक तेवढी घेते आणि हक्क बाहेर ठेवते. त्यापेक्षां ‘बाई’ हा शब्द बरा. तो निदान नात्याचा देखावा करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शब्द बदलूं नये, क्रियापद बदलावें.

वर सांगितलेल्या गृहस्थांनीं आमचें ऐकून तसें केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लोहगडच्या बाजूच्या एका खेड्यांतून येणाऱ्या त्या कामकरी स्त्रीला त्यांनीं दारांतच म्हटलें, “या बाई, आज लवकर आलांत?” तिनें वळून मागें पाहिलें, आपल्यामागून आणखी कोण आलें आहे, तें तिला दिसेना.