आकड्यांची साक्ष : गुंबेलचे ‘चार वर्षांचे राजकीय खून’

ज्यास वाङ्मय म्हणावे की नाही अशी शंका आरंभीच यावी, अशा एका जर्मन पुस्तकाचा विचार येथे करावयाचा आहे. एमिल यूलियुस गुंबेल (१८९१–१९६६) हा व्यवसायाने गणिती. महापुरासारख्या आत्यंतिक घटनांच्या संभाव्यतेविषयी त्याने जो सिद्धांत मांडला, तो आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसही त्याच्या नावाने परिचित असतो. याच गुंबेलने १९२२ साली ‘चार वर्षांचे राजकीय खून’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आदल्या वर्षी निघालेल्या ‘दोन वर्षांचे खून’ या छोट्या पुस्तकाचे हे वाढविलेले रूप होय. १९१८ च्या नोव्हेंबर क्रांतीनंतर जर्मनीत झालेल्या राजकीय हत्यांची ही नोंदवही आहे. कोण मारला गेला, कोठे, कोणाच्या हातून, आणि न्यायालयात पुढे काय झाले, एवढेच तीत सांगितले आहे.

पुस्तकाचा निष्कर्ष काही आकड्यांत मावतो. उजव्या पक्षीयांनी केलेले खून ३५४. त्यांपैकी ३२६ प्रकरणी कोणासही शिक्षा नाही. डाव्या पक्षीयांनी केलेले खून २२. त्यांपैकी शिक्षेवाचून राहिलेले केवळ ४, आणि देहदंड झालेले १०. उजव्या बाजूस एकही देहदंड नाही. तुरुंगवासाची सरासरी काढली तर एका बाजूस खुनामागे चार महिने, तर दुसऱ्या बाजूस पंधरा वर्षे.

हे आकडे पुढील काळात इतक्यांदा उद्धृत झाले, की मूळ पुस्तक वाचण्याची गरजच उरली नाही असे वाटावे. परंतु पुस्तकाचे खरे सामर्थ्य त्या कोष्टकात नसून त्यापूर्वीच्या निवेदनात आहे, असे आमचे मत आहे. गुंबेल विशेषणे वापरीत नाही. मृताच्या सद्गुणांचे वर्णन नाही, मारेकऱ्याच्या क्रौर्याचा धिक्कार नाही. एक प्रकरण संपते, दुसरे सुरू होते. ‘पळून जाण्याचा प्रयत्न करीत असता गोळी लागून ठार’ हा सरकारी शब्दप्रयोग वाचकास पुनःपुन्हा भेटतो. १९१९ च्या जानेवारीत कार्ल लीप्क्नेख्तच्या मृत्यूचे अधिकृत कारण म्हणून हेच देण्यात आले होते. पहिल्या वेळी ही एखादी घटना वाटते. दहाव्या वेळी ती एक पद्धत आहे हे ध्यानात येते. ही जाणीव लेखक सांगत नाही, वाचकाच्या मनात ती आपोआप सिद्ध होते. पुनरावृत्ती हा सामान्यतः गद्याचा दोष मानला जातो. येथे तोच रचनेचा आधार झाला आहे. याच काळात कुर्ट तुखोल्स्कीने न्यायासनावर उपरोधाचे आसूड ओढले. त्याचे गद्य निःसंशय अधिक रम्य आहे, पण उपरोधास ‘हे अतिशयोक्त आहे’ असे उत्तर देता येते. नाव, गाव आणि तारीख यांस तसे उत्तर देता येत नाही. पुस्तकातील तपशील खोटे असतील तर आपणावर खटला भरावा, खरे असतील तर मारेकऱ्यांस शासन करावे, असे आव्हानच गुंबेलने दिले होते. झाले ते तिसरेच. न्यायखात्याने चौकशी केली, बहुतांश तपशील खरे ठरले, आणि तो अहवाल छापून काढण्याचे कामही शेवटी १९२४ साली गुंबेललाच करावे लागले.

पुस्तकावर काही आक्षेप मात्र घेता येतात. २२ आणि ३५४ या विषम संख्यांच्या सरासऱ्या शेजारी मांडणे संख्याशास्त्रज्ञास कितपत शोभते? शिवाय उठावात पराभूत झालेला पक्ष सहज हाती लागतो आणि विजयी सैनिक लागत नाही. तेव्हा सारा दोष न्यायाधीशांच्या माथी मारणे युक्त नव्हे. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याने गुंबेलचा सिद्धांत ढासळत नाही, उलट विस्तारतो. दोष पोलीस, सरकारी वकील, सैन्य व न्यायासन या सर्वांच्या संगनमताचा होता. सम्राटाच्या अमदानीतील न्यायाधीश प्रजासत्ताकाने जवळजवळ जसेच्या तसे ठेवून घेतले होते, हे येथे विसरता येत नाही.

यातूनच या पुस्तकाचा कायदेविषयक अर्थ निघतो. २४ जून १९२२ रोजी परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ याचा खून झाला, आणि जुलैमध्ये प्रजासत्ताकाच्या संरक्षणार्थ नवा कायदा झाला. कायदा कडक होता. तो राबविणारे हात मात्र तेच राहिले. १९२४ साली म्युनिकच्या न्यायालयात हिटलरवर राजद्रोहाचा खटला चालला. परकीय नागरिक असा गुन्हा करील तर त्यास हद्दपार करावे, असे त्या कायद्यात होते. हिटलर तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता. परंतु वृत्तीने तो जर्मनच, म्हणून हे कलम त्यास लावू नये, असे न्यायासनाने ठरविले. पाच वर्षांची शिक्षा झालेला हा कैदी त्याच वर्षी डिसेंबरात सुटला. कायद्याची उणीव नव्हती, दृष्टीची होती.

१९४९ च्या राज्यघटनेने धडा घेतला. लोकशाही नष्ट करू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याचा अधिकार तिने घटना न्यायालयास दिला, आणि १९५२ साली नाझींचा वारसा सांगणाऱ्या एका पक्षावर तो वापरलाही गेला. पुढे एन.पी.डी. या पक्षाविरुद्धचा अर्ज २००३ साली बारगळला, कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारी खबरे निघाले. २०१७ साली न्यायालयाने त्या पक्षाची उद्दिष्टे घटनाविरोधी ठरविली, परंतु ती तडीस नेण्याचे बळ त्याच्यापाशी नाही म्हणून बंदी नाकारली. २०२४ साली त्याचा सरकारी निधी सहा वर्षांपुरता बंद केला. हा विवेक स्तुत्य आहे. तरीही २००० ते २००७ या काळात एका नवनाझी टोळीने दहा माणसे मारली, त्यांतील बहुतेक तुर्की वंशाची, आणि पोलीस वर्षानुवर्षे मृतांच्या कुटुंबियांवरच संशय घेत राहिले. टोळीतील जिवंत उरलेल्या स्त्रीस २०१८ साली जन्मठेप झाली. ती हत्यामालिका समोर असूनही दिसली नाही.

म्हणून गुंबेलचे पुस्तक केवळ इतिहासजमा दस्तऐवज मानता येत नाही. त्यासाठी त्याने किंमत दिली. १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठात शिकविण्याचा त्याचा अधिकार काढून घेण्यात आला, १९३३ साली त्याची पुस्तके जाळण्यात आली, आणि निर्वासिताचे जिणे त्याच्या वाट्यास आले. ललित लेखनाच्या कसोट्या लावल्या तर हे पुस्तक रूक्ष आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु जेथे न्यायालयाची भाषाच खुनाला ‘देशभक्ती’ आणि हत्येला ‘पलायन’ म्हणू लागते, तेथे वस्तूला तिच्या नावाने संबोधणारे गद्य हे वाङ्मयाचे आद्य कर्तव्य पार पाडीत असते. ते कर्तव्य या गणित्याने पार पाडले, आणि तेही एक शब्द न वाढविता.