‘बारोमास’ : कर्जापलीकडचे दुःख

आत्महत्येचे कारण एका शब्दात सांगणे समाजाला सोयीचे वाटते. विदर्भापुरता तो शब्द ‘कर्ज’ हा ठरून गेला. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरी हे सोपे उत्तर पुरेसे मानत नाही. कोपर्निकस मार्गालगतच्या रवींद्र भवनातील साहित्य अकादेमीने २००४ साली तिला पुरस्कार दिला, तो केवळ विषयाच्या निकडीमुळे नव्हे. नापिकी, पडते भाव, सावकारी हे सारे तिच्यात आहेच. परंतु सुशिक्षित बेकार एकनाथची खरी कोंडी घरात होते. शिक्षणाने शेतीशी अंतर पाडले, नोकरी मिळाली नाही आणि पत्नी अलकाच्या अपेक्षाभंगानंतर मन मोकळे करण्याची जागाही उरली नाही. एमील दुर्खेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येचा संबंध सामाजिक बंध सैल होण्याशी जोडला. ‘बारोमास’ ते सैल होणे वऱ्हाडी बोलीतील रोजच्या कुरबुरींतून ऐकवते. मात्र अलकाच्या एकटेपणाला एकनाथच्या व्यथेइतका अवकाश मिळत नाही, ही कादंबरीची मर्यादा होय. आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरून शुश्रूषेचे दायित्व शासनावर टाकणारा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. कर्जमुक्तीबरोबरच माणसाचे ऐकून घेणारे कोणी असावे लागते, ही जाणीव या कादंबरीने त्याआधीच दिली होती.