थांबणारा वाचक आणि प्रकाशफलक

सार्वजनिक जागी उभारलेल्या फलकाचा लेखनप्रकार म्हणून विचार क्वचितच होतो. त्याला लेखक असतो, वाचक असतो आणि त्या वाचकाविषयीची एक निश्चित कल्पनाही असते. तरीही त्याला साहित्यबाह्य व्यवहारात ढकलून समीक्षा मोकळी होते. वस्तुतः फलक वाचकाला थांबवू इच्छितो की जाता जाता गाठू इच्छितो, यावरून त्याची प्रकृती पुष्कळशी ठरते. चौकातील मंडळाचा फळा पहिल्या जातीचा. खडूने लिहिलेला मजकूर पुसला जाईपर्यंत तेथेच राहतो. वाचणारा सावकाश वाचतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, चूक आढळल्यास लिहिणाऱ्याला गाठून सांगतोही. डिजिटल फलकावर मात्र अनेक मजकूर पाळीपाळीने येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजके सेकंद येतात. तेथे विकला जातो तो काळ.

या काळाचा काही अंश जाहिरातीखेरीज अन्य आशयाला द्यावा, हा विचार न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली मूर्त झाला. टाइम्स स्क्वेअरमधील स्पेक्टाकलर या संगणकचलित दिव्यांच्या फलकावर काम करणाऱ्या चित्रकार जेन डिक्सन यांच्या प्रेरणेने, पब्लिक आर्ट फंड या संस्थेने जाहिरातींच्या मधोमध कलावंतांचे संदेश दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. जेनी होल्झर यांची सूत्ररूप वाक्ये त्याच वर्षी तेथे झळकली. जाहिरातीचा ठाम, निर्वाळा देणारा स्वर त्यांनी तसाच ठेवला. विकावयाची वस्तू तेवढी वगळली. वाचक क्षणभर गोंधळावा आणि त्या गोंधळात थांबावा, हे या रचनेचे सामर्थ्य. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. थांबलेल्या वाचकाला फलकाशी बोलण्याची सोय नव्हती.

ती सोय होण्याचा संभव २०१६ च्या जानेवारीत त्याच शहरात निर्माण झाला. ‘लिंक-एनवायसी’ योजनेत जुन्या सार्वजनिक दूरध्वनींच्या जागी पदपथांवर खांब उभे राहू लागले. दोन्ही बाजूंस ५५ इंची जाहिरातपट, आणि सोबत विनामूल्य वाय-फाय, दूरध्वनी व इंटरनेट पाहण्यासाठी एक टॅब्लेट, अशी ही योजना होती. खर्च जाहिरातींच्या उत्पन्नातून भागावयाचा होता. परंतु काही माणसे खरोखरच थांबली. ती तासन्‌तास खांबापाशी बसू लागली. काही जण अश्लील चित्रे पाहतात, अशाही तक्रारी आल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टॅब्लेटवरील इंटरनेट बंद करण्यात आले. तक्रारी निराधार होत्या असे नाही. तथापि वेळेची मर्यादा घालण्याऐवजी सोयच काढून घेतल्याने, ज्याच्याजवळ स्वतःचा फोन होता त्याचे वाय-फाय चालू राहिले. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याचे इंटरनेट गेले. जाहिरातपट मात्र उजळलेलेच राहिले.

या पटांवर शहराच्या इतिहासातील नोंदी, बसगाड्यांच्या वेळा, छोट्या स्थानिक दुकानांच्या जाहिराती येतात. हा मजकूर निरुपयोगी म्हणता येणार नाही. पण त्यात वस्ती ही विषय म्हणून येते, लेखक म्हणून येत नाही. आपल्याविषयी काय लिहिले जावे हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. राज्य लेखानियंत्रकांच्या २०२१ च्या अहवालाने खांबांच्या असमान वाटणीवर बोट ठेवले. निम्म्याहून अधिक खांब एकट्या मॅनहॅटनमध्ये होते. जेथे सोयीची निकड अधिक, तेथे ती विरळ.

यास्तव अशा योजनांच्या संदर्भात वापरला जाणारा ‘लोकसहभाग’ हा शब्द तपासून घेणे आवश्यक ठरते. पटासमोरून किती डोळे गेले, ही त्याची कसोटी होऊ शकत नाही. फलकाच्या काळापैकी किती काळ वस्तीच्या स्वाधीन आहे, त्यात लिहिण्याचा अधिकार कोणास आहे, आणि वाचताना थांबलेल्या माणसाकडे ग्राहक म्हणून पाहिले जाते, शेजारी म्हणून, की अडथळा म्हणून, हे तीन प्रश्न तिच्या जागी यावयास हवेत. न्यूयॉर्कच्या खांबांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघ्या नऊ महिन्यांत देऊन टाकले.