नवटाक, छटाक आणि जुन्या पितळी वजनांची ओळख

ठाणे-कल्याणच्या परिसरात जुन्या घरांच्या पायात, खाडीकाठच्या गाळात अथवा धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने मिळणाऱ्या पितळी वजनांना नावे देण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिची तपासणी होणे अगत्याचे आहे. सराफकट्ट्याची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी या प्रांतात पूर्वापार होते. परंतु सापडलेल्या जिनसेचे नाव व काळ ठरवण्याचा भार त्यांच्यावर नव्हता. आजच्या शोधकाकडे तो भार येतो, आणि तो बहुधा दोन आधारांवर पेलला जातो: वस्तूचा आकार व घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे नाव. यांपैकी आकाराचा आधार लंगडा आहे, कारण ओतकाम करणारे कारागीर एकच घाट पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. नावाचा आधार मात्र अधिक फसवा आहे, कारण तो शास्त्रीय भासतो.

'पावशेर' हाच शब्द घ्यावा. १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली, तथापि बाजारातील बोली बदलली नाही. आजही अडीचशे ग्रॅमला पावशेर व अर्ध्या किलोला अच्छेर म्हणतात. ऐंशी तोळ्यांच्या जुन्या शेराचा पाव भाग मात्र सुमारे २३३.३ ग्रॅम भरतो. म्हणजे नाव तेच राहिले आणि वस्तू सतरा ग्रॅमनी जड झाली. ज्या आजोबांनी वजनाला पावशेर म्हटले त्यांनी ते कोणत्या दशकात हाताळले, हे न विचारता त्यांची साक्ष प्रमाण मानणे म्हणजे शब्दाच्या आयुष्याला वस्तूचे आयुष्य समजणे होय. 'अडशेरी'च्या बाबतीत घोटाळा उलट दिशेचा आहे. तिच्यातील 'अड' हा अडीचचा अवशेष असून तिचे वजन अडीच शेर, म्हणजे सुमारे २.३३ किलो असते. 'अदपाव' व 'अच्छेर' यांच्या सान्निध्यामुळे ती अर्ध्या शेराची वाटण्याचा संभव फार.

खरा पेच 'नवटाक' व 'छटाक' या जोडीत आहे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, छटाक म्हणजे सोळावा. आता नावांचे घटक पाहावेत. नवटाक म्हणजे नऊ टांक. तेव्हा शेर बहात्तर टांकांचा ठरतो. छटाक म्हणजे सहा टांक. तेव्हा तोच शेर शहाण्णव टांकांचा ठरतो. दोन्ही विधाने एकाच कोष्टकात खरी असू शकत नाहीत. १८० ग्रेनचा तोळा व ८० तोळ्यांचा शेर धरला, तर पहिल्या हिशेबाने टांक १२.९६ ग्रॅमचा व दुसऱ्याने ९.७२ ग्रॅमचा निघतो. संस्कृत परंपरेतील चार माषांचा टंक याच तोळ्याच्या मानाने सुमारे ३.९ ग्रॅमचा भरतो. तो या दोहोंपासून फारच दूर आहे.

या विसंगतीचा उलगडा वजनकाट्यावर होत नाही, तो ध्वनिविचाराने होतो. षट् या शब्दापासून मराठीत स्वतंत्र संख्यावाचक म्हणून 'सहा' झाले, 'छ' झाले नाही. 'छटाक' हा शब्द मराठीच्या अंगचा असता तर त्याचे रूप कदाचित वेगळे झाले असते. तो उत्तरेकडून, हिंदुस्थानी बाजारव्यवहारातून आला असावा. 'नवटाक' गुजरातीतही आहे आणि पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारात तो घरचा आहे. तात्पर्य, एका डब्यात शेजारी बसणारी ही दोन वजने दोन भिन्न परंपरांची नावे धारण करतात. अंतर्गत विभागणी लोपली, नावे तेवढी उरली. म्हणून नवटाकाच्या नावावरून नऊ टांकांची बेरीज करून वजन ताडून पाहणारा संशोधक व्युत्पत्तीला मोजमाप समजण्याची चूक करतो. भाषाभ्यासकांकडून ही चूक इतरांपेक्षा अधिक वेळा होते, हेही येथे नोंदले पाहिजे.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा; त्याचा चाळिसावा भाग जो शेर, तो जेमतेम ३१७.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे सत्तावीस तोळे भरतो. अंतर्भागात पक्क्या शेराचा व्यवहार. घाटावरचा माल कल्याणास उतरावा व तेथून मुंबईकडे जावा, असा हा मार्ग. १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग आल्यावर तो अधिकच वाहता झाला. तेव्हा ७९ ग्रॅमच्या आसपास भरणारे वजन पाहून ते झिजलेले वा खोटे ठरवण्यापूर्वी ते मुंबईच्या शेराचा पावशेर तर नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. शिवाय डोंबिवलीसारख्या गावी वस्ती कोकण, खानदेश, देश अशा नाना प्रांतांतून आलेली. वजन जेथे सापडले तेथेच ते वापरले गेले, असे गृहीत धरता येत नाही.

कल्याणच्या प्राचीनतेचा आधार घेऊन या वजनांना थोर वय देण्याचाही मोह पडतो. सहाव्या शतकातील कॉस्मसने कल्याणच्या निर्यातीत जो धातू सांगितला, त्याचे भाषांतर कोणी पितळ करतात, कोणी तांबे. मूळ ग्रीक शब्दात तांबे व कांसे दोन्हींचा समावेश होतो. या उल्लेखाचा दुकानदाराच्या शेर-पावशेराशी संबंध जोडणे निराधार आहे.

सापडलेली वस्तू प्रथम स्वच्छ पण न घासता तोलावी, कारण हौसेने चकचकीत केलेल्या वजनाची साक्ष त्याच क्षणी बिघडते. झीज वजन कमी करते, पोकळीत भरलेले शिसे ते पूर्ववत करते. दोन्हींच्या खुणा तळाशी शोधाव्यात. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, याचे विस्मरण शोधकांस सहज होते.

यानंतरही एक प्रकार उरतोच. ५८.३ ग्रॅम भरणारे पितळी वजन वाण्याच्या दुकानी छटाक असते व सराफाच्या पेटीत पाच तोळे. दोहोंचे वजन तंतोतंत एक. त्यावर आकडा कोरलेला असेल तर तो पाचाचा आहे काय, आणि त्याच्या जोडीला एक तोळा, मासा, गुंज अशी लहान भावंडे मिळाली काय, एवढ्यावरच त्याचे नाव ठरते.