तटबंदी आणि सोबत

रॉबर्ट कर्कमन यांची ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन चित्रकथामाला २००३ ते २०१९ या काळात १९३ अंकांत प्रसिद्ध झाली. प्रेते उठून चालू लागलेल्या जगात रिक ग्राइम्स आणि त्याचे सोबती आश्रय शोधत हिंडतात. एकेकाळी माणसांना कोंडणारा तुरुंगच त्यांचे घर होतो, हा उपरोध अर्थगर्भ आहे. त्या तुरुंगाचे कुंपण अखेर मोडते, ते ‘गव्हर्नर’ म्हणविणाऱ्या जिवंत माणसाच्या हल्ल्याने. शिवाय मेंदू शाबूत असलेला प्रत्येक मृत दंशाविनाही उठतो. म्हणजे संकट प्रत्येकाच्या देहातच दडलेले असते. त्यापुढे कोणतीही तटबंदी अपुरीच. त्यामुळे सुरक्षिततेचा शोध येथे केवळ जागेचा राहत नाही. सोबत कोणाची धरावी, हा नैतिक प्रश्न होतो.