कुर्डुवाडी स्टेशन : इंजिनांच्या इतिहासात हरवलेला फलाट

बार्शी लाइट रेल्वेवर जे लिहिलं जातं ते बहुतेक एकाच माणसाभोवती फिरतं : एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी गेज, दर आसावर पाच टनांची मर्यादा, लीड्सजवळच्या न्यूले इथलं गाड्यांचं प्रात्यक्षिक, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झालेली लाइन. हे सगळं खरं आहे आणि इंजिनिअरिंग म्हणून भारीच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या वर्णनांत कुर्डुवाडी स्टेशन 'जिथून लाइन सुरू झाली ती जागा' एवढ्यापुरतं येतं, आणि पुढच्याच वाक्यात गाडी सुटते.

नावापासूनच बघा ना. स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड. रेल्वेच्या नावात 'रोड' दिसलं की बहुधा समजायचं, गाव इथे नाही, इथून रस्ता जातो. मोठी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण कापसाच्या व्यापाराची बार्शी सुमारे ३५ किलोमीटर बाजूलाच राहिली.

छोटी लाइन आल्यावर रस्त्याची अडचण संपली आणि स्टेशनात नवीन अडचण उभी राहिली. मोठ्या लाइनचं गेज साडेपाच फूट, बार्शीचं अडीच. बार्शीची कापसाची गाठ मुंबईला जायची तर कुर्डुवाडीत एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं गेलं, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या वारकऱ्यालाही इथेच गाडी बदलावी लागली. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल : नळी कितीही चांगली असो, गळती सांध्यावर होते. कुर्डुवाडी हा तो सांधा.

म्हणून 'छोटं गेज स्वस्त' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. मैलामागचा बांधकामखर्च एकदाच होतो. हमाली, थांबलेल्या वाघिणी आणि फुटलेला माल यांचा खर्च रोजचा. कॅलथ्रॉपला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. इंग्लंडातल्या लीक-मॅनिफोल्ड लाइनवर (१९०४) त्याने मोठ्या गेजची अख्खी वाघीण छोट्या गाडीवर चढवून न्यायची सोय केली होती. दोन्हीकडची मजुरी आणि वाघिणींची वजनं शेजारी ठेवून हिशेब मांडला, तर एक चांगला शोधनिबंध होईल.

हमाल या इतिहासात नाहीत, कारण निबंध इंजिनिअरांनी लिहिले. त्यांचा माग काढायचा तर यार्डाचा नकाशा, मालवाहतुकीचे आकडे, नुकसानभरपाईचे दावे असलं रूक्ष साहित्य वाचावं लागेल. गेज बदलल्यावर तो सांधाही मिटला, त्यामुळे आजच्या फलाटावर उभं राहून फारसं कळत नाही. पण छोट्या लाइनचे काही भाग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होते. तिथे काम केलेली माणसं अजून भेटतील. आधी जुना नकाशा मिळवा, मग तो त्यांच्यासमोर पसरून विचारा, कुठली वाघीण कुठे उभी राहायची.