सिलेक्शन राहिलंय

लग्नाचे फोटो आज जितके चांगले निघतात, तितके आपल्याकडे पूर्वी कधीच निघत नव्हते. तालुक्याच्या गावातला पंचविशीतला फोटोग्राफरही कार्यालयाच्या मंद उजेडात, फ्लॅश न मारता, अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी स्वच्छ टिपतो. कॅमेरा डोळा ओळखून स्वतःच फोकस धरतो. अंधारात फोटोवर येणारे दाणे नंतर संगणक पुसून टाकतो. आणि तरीही घरोघरी चौकशी करा : लग्नाला दीड-दोन वर्षं झाली, फोटो पेनड्राइव्हमध्ये आहेत, अल्बम मात्र व्हायचाय, कारण सिलेक्शन राहिलंय. स्टुडिओत विचारलं तर तिथे म्हणतात, पार्टीनेच अजून सिलेक्शन दिलेलं नाही.

या कलेची आजची दुखरी जागा हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. फोटो काढणारे हात तयार झाले, रंग सुधारणारी साधनं आली. हजारो फोटोंतून निवड करण्याचं काम मात्र फोटोग्राफर आणि घरचे यांच्यामध्ये बेवारस पडून राहिलं.

रोलच्या काळात ही निवड बरीचशी बटण दाबण्याआधीच होत असे. याशिकासारख्या कॅमेऱ्यात 120चा रोल घातला की 12 चौकोनी फोटो मिळत. नंतर 35 मिलिमीटरचे रोल आले, त्यांवर 36. मोजक्या रोलांत लग्न बसवायचं आणि प्रत्येक फोटोला डेव्हलपिंग-प्रिंटिंगचा खर्च, त्यामुळे फोटोग्राफर थांबून विचार करी. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. त्या अल्बमांत स्टेजवर रांगेने उभे राहून आहेर देणारे लोकच फार दिसतात. पंगतीत वाढणारा काका, आतल्या खोलीत मुलीला शालू नेसवणारी मावशी, पाठवणीच्या वेळी मांडवाच्या खांबाला धरून उभा असलेला बाप यांच्यावर रोल खर्च करायला सहसा कोणी धजत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने ही माणसं चित्रात आणली. हे ऋण मोठं आहे.

अडचण वाढली ती वेगामुळे. सोनीच्या ए-नाइनने 2017 साली सेकंदाला 20 फोटो, तेही आवाज न करता, घेण्याची सोय दिली. पुढे इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती आली. अक्षता पडण्याचा क्षण हुकू नये म्हणून बोट अडीच सेकंद दाबून ठेवलं की 50 फोटो तयार. हळद, सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन असे दोन दिवस, त्यात दोन कॅन्डिडवाले आणि एक ट्रॅडिशनलवाला असला, की 5,000 फोटो सहज होतात. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची धरली, तर हा सगळा डेटा सव्वाशे ते दीडशे जीबी भरतो. दुसरी प्रत ठेवायची म्हटली की त्याच्या दुप्पट जागा. आणि लग्नसराईत असं एक नव्हे, एकाच आठवड्यात तीन-चार लग्नांचं काम येऊन पडतं.

एवढ्या फोटोंना भिडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, नको ते काढून टाकायचं : हललेले, डोळे मिटलेले, मध्ये कोणाचं डोकं आलेले. दुसरी, हवं तेवढंच उचलायचं. वरवर पाहता या दोन्ही सारख्याच वाटतात. हाती येणारं काम मात्र पार वेगळं असतं. काढून टाकणारा 5,000 वरून फार तर 3,500 वर येतो, कारण ज्या फोटोत उघड दोष नाही तो टाकायला त्याच्याकडे कारणच नसतं. उचलणाऱ्याला प्रत्येक फोटोपाशी स्वतःला विचारावं लागतं, हा का ठेवायचा? तो 600-700 वर थांबतो. आपल्याकडे बहुसंख्य स्टुडिओ पहिल्या रीतीने चालतात. उरलेले साडेतीन हजार फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून ‘यातले दोनशे निवडून नंबर पाठवा’ असं घरच्यांना सांगतात. म्हणजे कामाचा सर्वांत कठीण, सर्वांत कसबी भाग ज्यांना त्याची सवय नाही त्यांच्यावर सोपवला जातो. मुलगी नव्या घरी, नव्या नोकरीत रुळत असते. आईला कुठलाच फोटो टाकवत नाही. व्याह्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काम अडतं ते इथे.

साधनांची कमतरता आहे असंही नाही. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांत रुळलेलं ‘फोटो मेकॅनिक’ रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने आधीच ठेवलेली छोटी जेपेग प्रतिमा दाखवतं, म्हणून हजारो फोटो भराभर पुढे सरकतात. अडोबीचं ‘लाइटरूम’ 2007 पासून बाजारात आहे आणि निवड, रंग, निर्यात ही सगळी कामं एकाच जागी करू देतं. तीन कॅमेऱ्यांची घड्याळं लग्नाआधी जुळवून घेतली, तर सगळे फोटो विधींच्या क्रमाने आपोआप लागतात. एवढी एक काळजी घेतली नाही, तर सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येऊन बसते आणि ती सरळ करण्यात संध्याकाळ जाते. अलीकडे ‘आफ्टरशूट’सारखे कार्यक्रम हललेले, पुनरावृत्तीचे, डोळे मिटलेले फोटो स्वतःच बाजूला काढतात. सीझनमध्ये रात्री जागणाऱ्या माणसाला हा मोठाच आधार आहे. पण कन्यादानाच्या वेळी बापाचे डोळे मिटलेले असतात. लाजाहोमाच्या धुरात नवरीचे डोळे किलकिले होतात. मुलीला मिठीत घेऊन रडणारी आई डोळे उघडे ठेवून रडत नाही. यंत्राने दोष म्हणून बाजूला काढलेल्या फोटोंत लग्नाचा गाभा सापडू शकतो, आणि ते पुन्हा चाळण्याचा कंटाळा केला तर तो तिथेच राहतो. शिवाय कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली म्हातारी ही नवऱ्याची एकुलती एक आजी आहे, हे कुठल्याच यंत्राला कळत नाही.

निवड किती कठोर असू शकते, याचं छायाचित्रणाच्या इतिहासातलं ठळक उदाहरण रॉबर्ट फ्रँकचं आहे. 1950च्या दशकात अमेरिकाभर हिंडून त्याने 27,000हून अधिक फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात 83 ठेवले. लग्नाला ही कसोटी जशीच्या तशी लावता येणार नाही. इथे प्रत्येक आत्या-मामाचा ग्रुप फोटो लागतोच, आणि तो मागणाऱ्यांचं काही चुकत नाही. म्हणून दोन निवडी कराव्यात. नातेवाइकांची नोंद एका फोल्डरमध्ये, तीत कोणी सुटता कामा नये. लग्नाची गोष्ट दुसऱ्यात, तीत दीडशे ते दोनशे फोटोच, आणि ते फोटोग्राफरने निवडलेले. घरच्यांनी त्यात पाच-दहा बदल सुचवावेत. सुरुवात मात्र त्यांनी करायची नाही. ‘अनलिमिटेड फोटो’ अशी जाहिरात करणारे स्टुडिओ स्वतःचीच किंमत कमी करतात. गिऱ्हाईक संख्या मागतं, कारण गुणवत्ता मोजायचं दुसरं माप आपण त्याच्या हाती दिलेलंच नाही.

रंगांविषयी मला जास्त काळजी वाटते. युरोप-अमेरिकेतल्या लग्नांवरून तयार झालेले प्रीसेट आपल्याकडे सर्रास विकत घेतले जातात. त्यांतल्या फार चाललेल्या शैलीत हिरवा रंग दाबून मातकट करतात, पिवळ्याची धार काढतात, लाल विटकरी होतो आणि त्वचेवर नारिंगी झाक येते. पांढरा गाऊन आणि मागे रान असेल तिथे हे शोभतं. आपल्या मांडवात तो प्रीसेट टाकला की हिरवा चुडा शेवाळी होतो, अष्टपुत्रीचा पिवळा खाकी दिसतो, तोरणातली आंब्याची पानं वाळल्यासारखी दिसतात आणि हळदीच्या समारंभातली हळदच हरवते. ज्या रंगांना आपल्या विधींत अर्थ आहे, नेमके तेच रंग या शैलीला नको असतात. पाच वर्षांनी ही फॅशन जाईल आणि अल्बमातला चुडा मात्र शेवाळीच राहील.

हळद तांत्रिकदृष्ट्याही अवघड आहे. अंगभर पिवळा, त्यात मांडवाच्या कापडातून झिरपणारा लाल-पिवळा उजेड. कॅमेऱ्याचं स्वयंचलित व्हाइट बॅलन्स हे पाहून निळ्याकडे ओढतं आणि चेहरे राखी पडतात. पुढच्या फोटोत पांढरी भिंत आली की पुन्हा सगळं बदलतं. उपाय जुना आणि साधा आहे : करड्या कार्डावर एक फोटो घ्यावा किंवा गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्यावरून रंग ठरवावा, आणि त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना तोच लावावा. ‘इमेजन’सारख्या सेवा आता फोटोग्राफरने आधी सुधारलेल्या हजारो फोटोंवरून त्याची सवय शिकतात आणि नव्या लग्नावर ती लावून देतात. उजेडाचा सारखेपणा त्या चांगला साधतात. पण सवयच वाईट असेल तर तीही तेवढ्याच सारखेपणाने लागते. आपल्या धंद्यातली सर्वांत वाईट सवय चेहरे उजळ करण्याची आहे. सावळ्या मुलीचा चेहरा दोन छटा उजळ करायचा, हात तसेच सावळे ठेवायचे, गालावरचा तीळ आणि आईच्या कपाळावरच्या रेषा पुसायच्या. हे थांबलं पाहिजे. घरच्यांनी मागितलं तरी फोटोग्राफरने एकदा समजावून सांगावं. मुलगी जशी आहे तशीच त्या दिवशी सुंदर दिसत होती, म्हणून तर तो फोटो घेतला होता.

अल्बमच्या रचनेविषयी थोडक्यात. 12 बाय 36 इंचांची शीट हे आपल्याकडचं रुळलेलं माप, आणि तिच्यासाठी तयार पीएसडी साचे गठ्ठ्याने मिळतात. डिझायनर बऱ्याचदा दुसऱ्या गावात बसलेला, कधी दुसऱ्या भाषेचा. त्याने लग्न पाहिलेलं नसतं. साच्यात उभी जागा असली की तो उभा फोटो शोधतो. म्हणून अंतरपाट एका कोपऱ्यात तळहाताएवढा आणि प्री-वेडिंगमधली पोज दोन पानं भरून, असं होतं. मोकळी जागा सोडणारी, एका पानावर एकच फोटो ठेवणारी साधी फोटोबुकं आता मिळतात आणि ती फार बरी आहेत, पण त्यांनाही आधी निवड लागते.

फोटो पोहोचवण्याची पद्धत झपाट्याने बदलली. क्यूआर कोड स्कॅन करून पाहुण्याने सेल्फी दिली की त्याचे सगळे फोटो त्याच्या हाती येतात. सोय उत्तम; मात्र चेहऱ्याची ओळख ही वैयक्तिक माहिती आहे, तिच्यासाठी 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि लग्नात लहान मुलंही असतात. पाहुण्यांना हे आधी सांगण्याची पद्धत अजून पडलेली नाही. बाकी लोक व्हॉट्सअॅपवर भागवतात. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण 1,600 पिक्सेलचा उरतो. तोच 18 इंचांवर छापला तर इंचाला 90 पिक्सेलही मिळत नाहीत, आणि चांगल्या छपाईला 300 लागतात. ज्यांच्याकडे फक्त हे फोटो आहेत, त्यांनी मूळ फायली आजच मागून घ्याव्यात.

मूळ फायली कोणाच्या, याचं उत्तर अनेकांना माहीत नसतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. पण हक्क घरच्यांचा आणि हार्ड डिस्क स्टुडिओची. पुढच्या सीझनला जागा लागली की स्टुडिओ जुना डेटा उडवतो, आणि बहुतेकदा न सांगता. ज्यांना 15-20 वर्षांपूर्वी लग्नाची सीडी-डीव्हीडी मिळाली, त्यांच्याकडे आज ती चालवायला ड्राइव्हच नाही. जाणकार तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर असा नियम सांगतात. निवडलेल्या दोनशे फोटोंसाठी तो कोणत्याही कुटुंबाला पाळता येईल, पाच हजारांसाठी सहसा नाही. बुकिंगच्या कागदावर आज कॅमेरे किती, ड्रोन आहे का आणि अल्बमची शीट किती एवढंच लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : पहिली निवड फोटोग्राफर किती दिवसांत करून देणार, आणि रॉ फायली किती वर्षं सांभाळून, उडवण्याआधी कोणाला फोन करणार.